मोजून दिलेले आकाश

भारत आणि दुबई यांच्या दरम्यान एका आठवड्यात विमानांची किती आसने उडावीत, हा आकडा प्रवाशांच्या गर्दीवरून किंवा विमान कंपन्यांच्या तयारीवरून ठरत नाही. तो दोन सरकारांमधील करारात नमूद केलेला असतो, आणि २०१४ मध्ये तो प्रत्येक बाजूस सुमारे ६५ हजारांवर नेल्यानंतर पुढची दहा वर्षे तेथेच थांबून राहिला. या काळात भारतात नवे विमानतळ उभे राहिले, भारतीय कंपन्यांनी शेकडो विमानांच्या मागण्या नोंदविल्या, आखातात काम करणाऱ्यांची ये-जा वाढली आणि दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचीही. परदेशी कापड किंवा यंत्र ठरावीक आयातशुल्क भरून बाजारात येऊ शकते आणि गिऱ्हाईक ते घेते किंवा सोडून देते. विमानसेवेला मात्र ही सोय नाही. परदेशी कंपनीने कितीही शुल्क भरण्याची तयारी दाखविली, तरी दोन्ही सरकारांची संमती असल्याखेरीज तिला एकही नियमित फेरी सुरू करता येत नाही. जगाच्या व्यापाराला सर्वांत जवळून जोडणारा हा व्यवसाय स्वतः जागतिक व्यापाराच्या नियमांबाहेर राहिला आहे, आणि त्याची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात सापडतात.

प्रत्येक राष्ट्राची त्याच्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता असते, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस करारातच मान्य झाले होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे पन्नासहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी नागरी विमान वाहतुकीची घडी बसविण्यासाठी जमले, तेव्हा या तत्त्वाला किती मुरड घालायची, हा खरा वाद होता. भारत या परिषदेत सहभागी होता. सोव्हिएत संघ आला नाही. युद्धकाळात मालवाहू आणि प्रवासी विमानांचे उत्पादन मुख्यत्वे अमेरिकेत झाले होते आणि ब्रिटनचे कारखाने लढाऊ व बॉम्बफेकी विमानांत गुंतले होते, त्यामुळे शांतता प्रस्थापित होताच जगभर उडू शकतील अशी विमाने अमेरिकेकडेच होती. अमेरिकी शिष्टमंडळाचे प्रमुख अॅडॉल्फ बर्ली यांनी शक्य तितक्या मोकळ्या आकाशाचा आग्रह धरला, तर ब्रिटनच्या लॉर्ड स्विंटन यांनी फेऱ्या आणि वाटे ठरवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची बाजू मांडली. दोघांच्याही भूमिकेत तत्त्व होते तितकाच हिशेबही होता. समझोता झाला नाही. परिषदेतून निघालेल्या करारनाम्याच्या पहिल्या कलमाने आकाशावरील राष्ट्रीय सत्ता कायम केली आणि सहाव्या कलमाने, संबंधित राष्ट्राच्या खास परवानगीशिवाय कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय सेवा त्याच्या प्रदेशावरून किंवा प्रदेशात चालविता येणार नाही, असे ठरविले. आजचे सगळे निर्बंध या एका कलमाच्या आधारावर उभे आहेत.

परवानगी कशाकशाची मागायची, याची जी वर्गवारी तेव्हा झाली, तिला हवाई स्वातंत्र्ये असे म्हणतात. न उतरता दुसऱ्या देशावरून उडून जाण्याचा हक्क हे पहिले स्वातंत्र्य आणि इंधन भरण्यासारख्या तांत्रिक कारणासाठी तेथे उतरण्याचा हक्क हे दुसरे. आपल्या देशातून प्रवासी परदेशी नेणे हे तिसरे आणि तेथून ते परत आणणे हे चौथे. पाचव्या स्वातंत्र्यात, आपल्या देशातून निघालेल्या विमानाने वाटेतल्या परक्या देशात प्रवासी घेऊन त्यांना आणखी पुढच्या परक्या देशात सोडण्याची मुभा येते; एअर इंडियाने १९६० मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा लंडनला चढून न्यूयॉर्कला उतरणारा प्रवासी या हक्काखाली नेता येत असे. सहावे स्वातंत्र्य शिकागोच्या यादीत नव्हते, पण आजच्या स्पर्धेचा गाभा त्यातच आहे. एखादी कंपनी मुंबईचा प्रवासी आपल्या घरच्या विमानतळावर आणते आणि तेथून दुसऱ्या विमानाने त्याला न्यूयॉर्कला पोचविते, म्हणजे दोन निराळ्या देशांशी केलेल्या करारांतील हक्क जोडून ती तिसराच प्रवास विकते. परदेशी कंपनीने एखाद्या देशाच्या अंतर्गत मार्गावर प्रवासी नेण्याला कॅबोटाज म्हणतात, आणि तो हक्क जवळजवळ कोणीच कोणाला देत नाही.

शिकागोत जे साधले नाही, ते दोन-दोन राष्ट्रांनी आपापसांत करून घेतले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये बर्म्युडा येथे केलेला करार पुढच्या तीस वर्षांचा नमुना ठरला. त्यात मार्ग ठरवून दिले होते आणि भाडी विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयाटाने, सुचवावीत व सरकारांनी मंजूर करावीत अशी योजना होती. आसनसंख्या मात्र आधी न बांधता नंतर तपासून पाहण्याचे ठरले होते. भारताने त्याच वर्षी अमेरिकेशी याच धर्तीचा करार केला आणि थोड्याच काळात त्याचा अनुभव घेतला. अमेरिकी कंपन्या गरजेपेक्षा अधिक आसने भारताच्या मार्गांवर आणतात, अशी तक्रार करून भारताने १९५४ मध्ये करार संपविण्याची सूचना दिली आणि नवा करार १९५६ मध्ये झाला. परदेशी कंपन्यांच्या आसनांची मोजदाद करण्याचा भारताचा आग्रह आखाती कंपन्यांच्या उदयाबरोबर जन्मलेला नाही. तो प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकाइतका जुना आहे.

स्पर्धेचा सर्वांत जोरदार पुरस्कार करणारी राष्ट्रेही या मोजदादीत मागे नव्हती. ब्रिटनने जुना करार मोडून १९७७ मध्ये अमेरिकेशी दुसरा बर्म्युडा करार केला आणि त्यानुसार लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेला जाण्याचा हक्क प्रत्येक देशाच्या दोनच कंपन्यांपुरता राहिला. आपल्या देशांतर्गत विमानसेवेवरील नियंत्रणे १९७८ च्या कायद्याने उठविणारी अमेरिका ही मर्यादा तीस वर्षे पाळत राहिली. अमेरिकेने १९९२ मध्ये नेदरलँड्सशी पहिला खुले आकाश करार केला, म्हणजे फेऱ्या, आसने आणि भाडी यांवरील सरकारी बंधने परस्परांपुरती उठविली. हीथ्रोचे दार मार्च २००८ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यातील करार अमलात आला तेव्हा उघडले. युरोपने आपल्या अंतर्गत बाजारात याहून पुढचे पाऊल टाकले होते: १ एप्रिल १९९७ पासून संघातील कोणतीही कंपनी दुसऱ्या सदस्य देशाच्या अंतर्गत मार्गावरही उडू शकते. एका आयरिश कंपनीने इटलीतील दोन शहरांदरम्यान स्वस्त सेवा चालविणे या निर्णयामुळे शक्य झाले. राष्ट्रीय विमान कंपन्यांना जपणाऱ्या देशांनी सामाईक नियम स्वीकारून एकमेकांना इतका मोकळा प्रवेश दिल्याचे एवढे मोठे उदाहरण या व्यवसायात दुसरे नाही.

जागतिक व्यापार संघटना या व्यवहारात का पडत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. सेवांच्या व्यापाराच्या सर्वसाधारण कराराला विमान वाहतुकीविषयी एक स्वतंत्र जोडपत्र आहे आणि त्याने वाहतुकीचे हक्क कराराच्या कक्षेतून बाहेर ठेवले आहेत. विमानांची दुरुस्ती, तिकिटांची विक्री व जाहिरात आणि संगणकीय आरक्षण एवढ्या तीनच बाबी त्यात येतात. बोईंग आणि एअरबस यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा तंटा या संघटनेपुढे वर्षानुवर्षे चालला, कारण विमान ही वस्तू आहे. त्याच विमानातून प्रवासी नेण्याच्या हक्काबद्दल तेथे तक्रार करता येत नाही.

हक्क कोणाला मिळतात, याचे बंधन मालकीशी जोडलेले आहे. जवळजवळ प्रत्येक जुन्या द्विपक्षीय करारात, नियुक्त केलेल्या कंपनीची भरीव मालकी आणि परिणामकारक नियंत्रण त्या राष्ट्राच्या नागरिकांकडे असले पाहिजे, अशी अट असते. ती नसेल तर समोरचा देश परवानगी नाकारू शकतो. त्यामुळे औषधांच्या किंवा मोटारींच्या कंपन्या ज्या रीतीने सीमा ओलांडून एकमेकींत विलीन होतात, तशा विमान कंपन्या होत नाहीत. अमेरिकेत परदेशी व्यक्तींना कंपनीच्या मताधिकारापैकी २५ टक्क्यांहून अधिक वाटा घेता येत नाही, आणि नियंत्रणाची तपासणी किती बारकाईने होते, हे व्हर्जिन अमेरिका या कंपनीला २००७ मध्ये परवाना मिळविताना दिसले: ब्रिटिश समूहाचा प्रभाव कमी व्हावा म्हणून तिला आपली रचना बदलावी लागली आणि मुख्य अधिकाऱ्यालाही दूर करावे लागले. नॉर्वेच्या एका स्वस्त कंपनीने आयर्लंडमधील उपकंपनीच्या नावाने २०१३ च्या अखेरीस अमेरिकेकडे परवाना मागितला, तेव्हा खुले आकाश करार अस्तित्वात असूनही कामगार संघटनांच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या विरोधामुळे निर्णय डिसेंबर २०१६ पर्यंत लांबला. करारातले आकाश खुले झाले, तरी अर्ज पडून ठेवूनही स्पर्धा रोखता येते.

भारताची कहाणी मुंबईत सुरू होते. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, त्या सेवेतून उभ्या राहिलेल्या एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय फेरी केली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची पन्नास वर्षे भारताच्या वाट्याचे आंतरराष्ट्रीय हक्क सरकारी कंपन्यांकडेच राहिले. परदेशी कंपनीला जादा फेऱ्या हव्या असल्या तर तिने एअर इंडियाशी व्यापारी करार करावा आणि त्यापोटी रक्कम द्यावी, अशी प्रथा या काळात रूढ झाली. न वापरलेल्या हक्कांतून मिळणारे हे उत्पन्न कंपनीच्या ताळेबंदाला हातभार लावत असे, परंतु नवी विमाने घेऊन ते हक्क स्वतः वापरण्याची निकड त्याने कमी केली.

खाजगी कंपन्यांना परदेशी उड्डाणांची परवानगी २००४ च्या अखेरीस मिळाली, तीही दोन अटींवर. आखाताचे फायदेशीर मार्ग आणखी तीन वर्षे सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि देशांतर्गत सेवेची पाच वर्षे व ताफ्यात वीस विमाने पूर्ण केल्याखेरीज परदेशी जाता येणार नाही, असा पाच-वीसचा नियम लागू झाला. या नियमामुळे विचित्र परिस्थिती निर्माण झाली: दुबईत नव्याने स्थापन झालेल्या कंपनीला भारतात येण्यासाठी अशी कोणतीही अट नव्हती, पण भारतात स्थापन झालेल्या कंपनीला दुबईला जाण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागे. किंगफिशरने एअर डेक्कन विकत घेण्यामागचे एक मोठे कारण हेच होते, कारण डेक्कनची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये पूर्ण होत होती. त्यानंतर लगेच, सप्टेंबरमध्ये, किंगफिशरचे विमान बंगळूरहून लंडनला गेले. पाच वर्षांची अट २०१६ च्या नागरी हवाई धोरणाने रद्द केली आणि वीस विमानांची अट ठेवली. जवळजवळ एक तप टिकलेल्या या नियमाने भारतीय प्रवाशाचे कोणते हित साधले, हे सांगणे कठीण आहे. जुन्या कंपन्यांना नव्यांपासून मिळालेला दिलासा मात्र स्पष्ट दिसतो.

दुबईच्या एमिरेट्स या कंपनीचा जन्म ऑक्टोबर १९८५ मधला, आणि तिच्या अगदी पहिल्या गंतव्यस्थानांत कराचीबरोबर मुंबई आणि दिल्ली होती. दुबईची स्वतःची लोकवस्ती लहान. सहाव्या स्वातंत्र्याच्या जोरावर तिने पूर्व आणि पश्चिम जोडली. पुढे अबू धाबीची एतिहाद आणि दोह्याची कतार एअरवेज यांनी तोच मार्ग धरला. एखादा नाशिककर मुंबईहून दुबईमार्गे टोरांटोला गेला, तर भारताच्या दप्तरी तो दुबईच्या कोट्यातील एका आसनाइतकाच मोजला जातो. त्याच्या तिकिटाच्या रकमेतील मोठा भाग ज्या लांबच्या टप्प्याचा असतो, तो टप्पा भारताशी झालेल्या कराराच्या बाहेर असतो. कोटा वाढवून मागणाऱ्या आखाती सरकारांना दोन देशांमधील प्रवासी दिसतात, तर तो अडविणाऱ्या भारतीय कंपन्यांना दिल्ली आणि मुंबईहून थेट जाऊ शकणारा हा लांबचा प्रवासी दिसतो. दोघांचेही म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्यांनी २०१५ मध्ये आखाती कंपन्यांना २००४ पासून ४२ अब्ज डॉलरहून अधिक सरकारी मदत मिळाल्याचा आरोप केला होता. आखाती कंपन्यांनी तो फेटाळला, आणि २०१८ मध्ये हिशेब अधिक पारदर्शक ठेवण्याच्या आश्वासनांवर तो वाद शमला. अमेरिकेने या देशांशी असलेले खुले आकाश करार मोडले नाहीत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारताने कोटा वाढविला, तेव्हा तो कसा वाढविला, हेही पाहण्यासारखे आहे. एतिहादने २०१३ मध्ये जेट एअरवेजमधील २४ टक्के वाटा सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेण्याचे ठरविले आणि त्याच सुमारास अबू धाबीसाठीची साप्ताहिक आसने सुमारे १३ हजारांवरून ५० हजारांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे दोन्ही सरकारांनी मान्य केले. एका कंपनीच्या गुंतवणुकीला लागून राष्ट्रीय हक्कांची एवढी मोठी वाढ व्हावी, यावर तेव्हा संसदेत आणि न्यायालयात आक्षेप घेतले गेले. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली. वाढविलेला कोटा करारात कायम राहिला. निर्बंध आसनसंख्येपुरते नव्हते: एअरबसच्या दुमजली ए-३८० विमानाला भारतात उतरण्याची परवानगी जानेवारी २०१४ पर्यंत नव्हती, आणि नंतरही ती दिल्ली, मुंबई, हैदराबाद व बंगळूर या चार विमानतळांपुरतीच मिळाली.

२०१६ च्या धोरणाने दिल्लीपासून ५,००० किलोमीटरहून दूर असलेल्या देशांशी व सार्क देशांशी परस्पर तत्त्वावर खुल्या आकाशाची तयारी दाखविली. हे अंतर आखाताला नेमके बाहेर ठेवते. जवळच्या देशांच्या बाबतीत, भारतीय कंपन्यांनी आपल्या वाट्याची ८० टक्के आसने वापरली की मगच वाढीचा विचार करायचा, असा निकष ठेवण्यात आला. तो तर्कशुद्ध आहे, कारण आपल्या कंपन्यांना स्थिरावण्यासाठी तो वेळ देतो. परंतु दुबईच्या मार्गावर भारतीय कंपन्यांचा वापरही मर्यादेजवळ पोचल्यानंतर, मोठी विमाने घेऊन थेट सेवा वाढवा, असे सरकार कंपन्यांना सांगत राहिले आणि कोटा तेथेच राहिला. निकष पूर्ण झाल्यावरही तो लागू होत नसेल, तर संरक्षणाची मुदत नेमकी किती, हे सरकारने जाहीर करणे आवश्यक आहे. मुदत नसलेले संरक्षण ज्याला मिळते, त्याची ते सोडण्याची तयारी कधीच होत नाही. कुवेतबरोबरचा साप्ताहिक कोटा जुलै २०२५ मध्ये १२ हजारांवरून १८ हजारांवर गेला, यावरून बोलणी अशक्य नाहीत एवढे दिसते.

या धोरणाची झळ महानगरांपेक्षा लहान शहरांना अधिक बसते, कारण करारात देशाची आसनसंख्या असते तशी परदेशी कंपनीला उतरता येईल अशा शहरांची यादीही असते. या यादीतल्या शहराला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात. केरळमधील कन्नूरचा विमानतळ डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय म्हणूनच सुरू झाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचे पोट आखातातील नोकऱ्यांवर अवलंबून आहे आणि धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. पण यादीत नाव नसल्यामुळे परदेशी कंपन्यांना तेथून नियमित सेवा देता येईना, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही भारतीय कंपनी बंद पडताच तेथील फेऱ्या एकदम घटल्या. परदेशी कंपन्यांनी अंतर्भागातून थेट प्रवासी उचलले तर दिल्ली-मुंबई ही जागतिक केंद्रे होणार नाहीत, असे या नकाराचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. पण आखातात काम करणाऱ्या कामगाराला मुंबईत विमान बदलायला लावण्याची किंमत राष्ट्रीय उद्दिष्टाच्या हिशेबात कोठेच धरली जात नाही. विदर्भाचा अनुभव वेगळा आहे: नागपूरहून दोह्याला जाणारी कतार एअरवेजची सेवा सुरू झाल्यावर तेथल्या प्रवाशाला मुंबई किंवा दिल्ली गाठण्याची गरज उरली नाही. पुण्याची अडचण मात्र सर्वस्वी करारांची नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे आणि मोठ्या विमानांना तेथील धावपट्टी आखूड पडते.

हक्क हातात असूनही भूराजकारण ते निरुपयोगी करू शकते. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने युरोपीय कंपन्यांना सायबेरियावरील आकाश बंद केले. भारतीय आणि चिनी कंपन्यांना ते खुले राहिले, आणि एअर इंडियाला अमेरिकेच्या काही मार्गांवर वेळेचा व इंधनाचा लाभ मिळाला, जो अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांना खुपला. नंतर पारडे उलटले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे इंधनासाठी उतरावे लागू लागले आणि इंडिगोला अल्माटी व ताश्कंदच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, कारण तिच्या अरुंद अंगाच्या विमानांचा पल्ला वळशाच्या मार्गाला पुरेना. बंदी भारतीय कंपन्यांपुरती असल्याने आखाती आणि युरोपीय कंपन्यांवर ती लागू नव्हती. ज्यांच्याशी स्पर्धा करण्यासाठी भारतीय कंपन्यांना वेळ हवा होता, त्यांना या बंदीने आणखी बळ दिले.

या सर्व वाटाघाटींत विमान कंपन्यांचे म्हणणे ऐकले जाते, परराष्ट्र आणि गृह खात्यांचे ऐकले जाते. प्रवाशाचे म्हणणे मांडणारी कोणतीही संस्था त्यांत नसते. विमानतळांचे शुल्क ठरविताना विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण सल्लापत्र प्रसिद्ध करते आणि कोणालाही आक्षेप नोंदविता येतो. आसनांचा कोटा वाढविण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी, त्या मार्गावरील भाडी व भरलेल्या आसनांचे प्रमाण मांडणारे असे पत्र निघत नाही. ते निघावे, ही मागणी कोणत्याही कंपनीच्या विरोधातली नाही. महाराष्ट्रापुरता हा प्रश्न आता अधिकच निकडीचा झाला आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय तेथे आहे. परंतु धावपट्टीमुळे वाहतुकीचे हक्क निर्माण होत नाहीत, आणि जेथे देशासाठीची आसने आधीच संपली आहेत, तेथे परदेशी कंपनीला उलव्याच्या या नव्या विमानतळावर यायचे असेल तर सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाच्या, दिल्लीच्या किंवा कोचीच्या फेऱ्यांतूनच आसने काढून आणावी लागतील.